धाकट्याच्या पावलाने बर्फात
लहान मुलांसह स्कीइंगच्या सहलीचे नियोजन करताना काय पाहावे, काय टाळावे?

प्रतिनिधी

काश्मीर म्हणजे मे महिन्याची सुट्टी, हे मराठी घरांतील जुने समीकरण आहे. परीक्षा संपल्या, निकाल लागले की शिकारा, केशर आणि गुलमर्गच्या घोड्यांवरील छायाचित्रे हे ओघानेच आले. हिवाळ्यातल्या काश्मीरची गोष्ट मात्र निराळी आहे. पायांना स्की बांधून पांढऱ्या उतारावरून घसरत जाणाऱ्या मुलांची दृश्ये दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर पाहून 'आपणही मुलांना नेऊ' असा विचार अनेक घरांत होऊ लागला आहे. तो विचार चांगलाच आहे. परंतु मे महिन्याच्या सहलीचेच वेळापत्रक जानेवारीत वापरायचे, ही त्यातली मोठी फसगत ठरते. चार दिवसांत सहा ठिकाणे पाहण्याची सवय बर्फात उपयोगी पडत नाही. तेथे सहलीचा वेग घरातील सर्वांत लहान मूल ठरवते, आणि तो मान्य केला की बाकीचे नियोजन बरेच सोपे होते.

देशातील स्कीइंगचे सर्वांत परिचित ठिकाण असलेल्या गुलमर्गचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून या नियोजनाचा घेतलेला हा आढावा.

आधी हेतू ठरवा

मुलांना बर्फ दाखवायचा आहे की स्कीइंग शिकवायचे आहे, हा पहिला प्रश्न. दोन्हींचे नियोजन वेगवेगळे असते. तीन वर्षांखालील मुलाला स्कीइंगमधून काहीही मिळत नाही. बर्फाचा गोळा, छोटी घसरगुंडी आणि उबदार खोली एवढ्यावर त्याचा आनंद पूर्ण होतो. तीन-चार वर्षांच्या मुलांना युरोपातील स्की शाळा खेळवर्गात घेतात, पण तेथेही भर खेळण्यावरच असतो. स्वतःचा तोल सांभाळणे, सूचना ऐकून त्याप्रमाणे वळणे, थांबणे या गोष्टी साधारण पाच-सहा वर्षांपासून जमू लागतात. सात-आठ वर्षांचे मूल मात्र आई-वडिलांपेक्षा लवकर शिकते. त्याचा गुरुत्वमध्य जमिनीच्या जवळ असतो आणि पडण्याची भीतीही कमी असते.

घरात आठ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा असेल, तर एकाच वेळी दोघांना उतारावर नेण्याचा हट्ट धरू नये. एका पालकाने मोठीबरोबर राहावे, दुसऱ्याने धाकट्याबरोबर, आणि दुसऱ्या दिवशी अदलाबदल करावी. मुलाला पाठीवरच्या झोळीत घेऊन स्वतः स्कीइंग करण्याचा प्रयोग कोणीही करू नये. शिकाऊ पालक पडणारच, आणि त्याच्या पडण्याची किंमत पाठीवरच्या बाळाला मोजावी लागेल.

शाळेची सुट्टी आणि बर्फाचे पंचांग

काश्मीरच्या हिवाळ्याला स्वतःचे पंचांग आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास 'चिल्लई कलां' हा चाळीस दिवसांचा कडाक्याच्या थंडीचा काळ सुरू होतो. त्यानंतर वीस दिवसांची 'चिल्लई खुर्द' आणि दहा दिवसांची 'चिल्लई बच्चा' येते. गुलमर्गमध्ये बर्फाचा भरवसा सामान्यतः जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत अधिक असतो. लहान मुलांच्या दृष्टीने फेब्रुवारीचा उत्तरार्ध विशेष सोयीचा. उतारावर बर्फ टिकून असतो, दिवस थोडा मोठा झालेला असतो आणि थंडीची धार काहीशी बोथट झालेली असते.

अडचण अशी की, आपल्याकडील शाळांना या काळात सुट्टी नसते. नाताळची सुट्टी डिसेंबरच्या अखेरीस येते. त्या वेळी बर्फ पुरेसा असेलच असे नाही, गर्दी आणि दर मात्र वरच्या पट्टीत असतात. प्राथमिक वर्गातील मुलांची आठवडाभराची रजा शाळेच्या संमतीने काढणे शक्य असेल, तर फेब्रुवारीचा विचार करावा. मे महिन्यात स्कीइंगच्या आशेने जाणाऱ्यांची निराशा ठरलेली आहे. त्या वेळी गुलमर्गच्या कुरणावर गवत आलेले असते आणि उरलेसुरले बर्फाचे पट्टे अफरवतच्या उंचीवर शोधावे लागतात.

त्यातच अलीकडे बर्फाचे वेळापत्रकही बेभरवशाचे झाले आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऐन हंगामात गुलमर्गची कुरणे जवळजवळ कोरडी होती, बर्फ आला तो महिनाअखेरीस. २०२५ मध्ये फेब्रुवारीत होणारी 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलावी लागली आणि मार्चमध्ये पार पडली. यातून घ्यायचा धडा म्हणजे, रद्द करता येणारे किंवा तारीख बदलता येणारे आरक्षण थोडे महाग असले तरी तेच घ्यावे. आणि बर्फ नसेल तर मुलांनी काय करायचे, याचा विचार घरूनच करून निघावे.

गुलमर्गच का?

गुलमर्गला स्कीइंगची परंपरा जुनी आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये येथे स्की क्लब सुरू केला. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थाही येथेच आहे. परंतु लहान मुले बरोबर असताना यापेक्षा महत्त्वाचे कारण दुसरेच आहे. श्रीनगरचे विमानतळ गुलमर्गपासून साधारण पन्नास किलोमीटरवर, म्हणजे रस्ता मोकळा असल्यास दोनएक तासांच्या अंतरावर आहे.

उत्तराखंडातील औलीचे उतार सुंदर आहेत. २०११ मधील दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांपैकी स्कीइंगच्या स्पर्धा तेथेच झाल्या. मात्र ऋषिकेशहून जोशीमठपर्यंतचा डोंगरी रस्ता सुमारे अडीचशे किलोमीटरचा आहे, आणि पाच वर्षांच्या मुलासाठी तो एक संपूर्ण दिवस खाणारा, पोट ढवळणारा प्रवास ठरतो. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ परिसरात जमीन खचू लागल्यानंतर तेथील औलीला जाणारा रोपवे बंद करण्यात आला. त्यामुळे वर जाण्याची व्यवस्था काय आहे, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. मनालीजवळच्या सोलंगला बर्फात खेळण्याची मजा आहे. पण दिल्लीहून मनाली पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून पर्यटक हिवाळ्यातही पलीकडे सिस्सूपर्यंत जातात. हे गाव तीन हजार मीटरहून उंच आहे, हे मुलांच्या पालकांनी ध्यानात ठेवावे.

उंचीचे गणित

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर १,६४६ मीटर उंच आहे. श्रीनगर शहर जवळपास त्याच उंचीवर, म्हणजे सुमारे १,५८५ मीटरवर वसलेले आहे. गुलमर्ग २,६५० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही हजार मीटर वर आहे. तेथून गंडोला या केबल कारचा पहिला टप्पा कोंगडोरीला सुमारे ३,१०० मीटरपर्यंत जातो आणि दुसरा टप्पा अफरवतच्या अंगाला सुमारे ३,९५० मीटरपर्यंत. समुद्रसपाटीच्या तुलनेत गुलमर्गला हवेचा दाब सुमारे ७२ टक्के असतो, तर दुसऱ्या टप्प्याच्या टोकाला सुमारे ६० टक्केच. प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो.

मुंबईहून सकाळी विमानाने निघून त्याच संध्याकाळी गुलमर्गला मुक्काम करणे शक्य असते, पण शहाणपणाचे नसते. श्रीनगरला एक, शक्य तर दोन रात्री काढून मगच वर जावे. डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, झोप न लागणे ही उंचीच्या त्रासाची लक्षणे. चार वर्षांचे मूल 'डोके दुखते' असे नेमके सांगत नाही. ते किरकिर करते, जेवण नाकारते, खेळण्यातले त्याचे लक्ष उडते. अशा वेळी 'थंडीने कंटाळले असेल' असे म्हणून पुढे सरकू नये. त्या दिवशी आणखी वर जाणे टाळावे. त्रास वाढला, उलट्या थांबेनात, चालताना तोल जाऊ लागला किंवा धाप लागू लागली, तर तत्काळ खाली उतरून डॉक्टरांना दाखवावे. उंचीवरील आजारावरच्या गोळ्या मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नयेत.

गंडोलाचा पहिला टप्पा बहुतेक धडधाकट मुलांना मानवतो. दुसऱ्या टप्प्यावर मात्र लहान मुलांना नेण्याचे प्रयोजन नाही. तेथे विरळ हवा आणि बोचरा वारा असतो, आणि उतारही पारंगत स्कीपटूंसाठीचे आहेत. दमा असलेल्या मुलांना थंड कोरड्या हवेने धाप लागू शकते. त्यांचा इन्हेलर हॉटेलच्या बॅगेत नव्हे, पालकाच्या आतल्या खिशात असावा. सोबत आजी-आजोबा असतील आणि हृदयविकाराचा किंवा श्वसनाचा त्रास असेल, तर त्यांनीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच निघावे.

आठ दिवसांचा आराखडा

मुंबई-पुण्याच्या कुटुंबासाठी आठ दिवसांचा कार्यक्रम पुढीलप्रमाणे आखता येईल. पहिल्या दिवशी श्रीनगरला पोहोचणे आणि विश्रांती. दुसऱ्या दिवशी दल सरोवराचा परिसर, थोडे फिरणे, कपड्यांची उरलेली खरेदी. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुलमर्ग गाठून मुलांना केवळ बर्फात खेळू देणे. चौथ्या आणि पाचव्या दिवशी स्कीइंगचे धडे. सहाव्या दिवशी विश्रांती किंवा हवा स्वच्छ असल्यास गंडोलाचा पहिला टप्पा. सातव्या दिवशी सकाळी शेवटचा धडा आणि दुपारी श्रीनगरला परत. आठव्या दिवशी परतीचे विमान.

यात दोन गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. एक म्हणजे सहावा मोकळा दिवस. दोन दिवस अनोळखी स्नायू वापरल्यानंतर मुले थकतात, आणि दुखापती बहुधा थकलेल्या अवस्थेतच होतात. दुसरी म्हणजे शेवटची रात्र श्रीनगरला. तनमर्ग ते गुलमर्ग हा तेरा किलोमीटरचा घाट जोरदार हिमवृष्टीत बंद पडू शकतो. धुके आणि बर्फ यांमुळे श्रीनगरची विमानेही रद्द होतात. म्हणून परतल्यानंतरचा लगेचचा दिवस परीक्षेचा किंवा महत्त्वाच्या बैठकीचा असू नये. घाटात बर्फ असताना चाकांना साखळ्या लावलेली वाहनेच वर सोडली जातात. तनमर्गला वाहन बदलावे लागल्यास तासाभराचा खोळंबा गृहीत धरावा आणि मुलांचे जाड कपडे गाडीच्या टपावर बांधलेल्या सामानात ठेवू नयेत.

धडा किती वेळाचा असावा? पाच-सहा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी पाऊण तास पुरतो. त्यानंतर दीड-दोन तासांपर्यंत वाढवता येईल, तोही मध्ये एकदा आत जाऊन काही गरम पिण्याच्या अटीवर. ऊन अंगावर आल्यानंतर पण दिवसाच्या सहलीची गर्दी पोहोचण्यापूर्वीची सकाळ उत्तम. दुपारी त्याच मैदानावर घसरगाड्या, घोडे आणि हौशी पर्यटक यांची सरमिसळ होते. मूल रडू लागण्याआधी धडा थांबवावा. 'अजून एकदा' असे म्हणत परतलेले मूल दुसऱ्या दिवशी आपणहून बूट चढवते.

प्रशिक्षक आणि साहित्य

गुलमर्गच्या बाजारालगतच्या सौम्य उतारांवर नवशिक्यांचे धडे होतात. तेथे पोहोचताच अनेक जण 'शिकवतो' म्हणून पुढे येतात. त्यांपैकी नोंदणीकृत आणि प्रशिक्षित कोण, हे हॉटेलमार्फत किंवा पर्यटन विभागाच्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. तीन प्रश्न अवश्य विचारावेत. प्रशिक्षण कोठे झाले? लहान मुलांना शिकवण्याचा अनुभव आहे काय? एका वेळी किती मुले घेणार? सहा-सात वर्षांखालील असल्यास एका प्रशिक्षकाकडे एक किंवा फार तर दोनच मुले असावीत. दर, वेळ आणि त्यात साहित्याचे भाडे धरले आहे की नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करून घ्यावे.

पहिले धडे पडण्याचे, उठण्याचे आणि थांबण्याचे असतात. स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची दूर ठेवली की समोशासारखा त्रिकोण होतो आणि वेग कमी होतो. ही थांबण्याची पद्धत अंगवळणी पडेपर्यंत मुलाला जास्त उतारावर नेऊ देऊ नये. सुरुवातीला मुलांच्या हातात काठ्या देण्याची गरज नसते. मोकळ्या हातांनी ती तोल अधिक चांगला शिकतात. उतारावरून ओढत वर नेणाऱ्या ड्रॅग लिफ्टवर हलक्या वजनाच्या मुलाला एकटे बसवू नये. उताराचा एक साधा नियमही मुलांना शिकवावा: आपल्या खाली असलेल्या माणसाला वाट द्यायची जबाबदारी वरून येणाऱ्याची. आणि थांबायचे ते उताराच्या मधोमध नव्हे, कडेला.

स्की, बूट व हेल्मेट भाड्याने मिळतात. मात्र अगदी लहान मापांचा साठा मर्यादित असतो. स्कीच्या बुटाचे माप पावलाच्या सेंटिमीटरमधील लांबीवर असते. ती घरीच मोजून आधी कळवावी. आपल्याकडे मुलांचे कपडे 'वाढत्या अंगाचे' घेण्याची पद्धत आहे. स्कीच्या बुटात ती धोक्याची आहे. सैल बुटात टाच उचलली जाते आणि मूल स्कीवर ताबा ठेवू शकत नाही. नवशिक्या मुलासाठी स्की उभी धरल्यास तिचे टोक छाती ते हनुवटीच्या दरम्यान यावे.

बूट आणि स्की यांना जोडणाऱ्या खटक्याला बाइंडिंग म्हणतात. मूल पडले की ते सुटून पाय मोकळा व्हावा, यासाठी मुलाचे वजन, बुटाची लांबी आणि कौशल्य पाहून त्याचा ताण जुळवावा लागतो. मोठ्या माणसासाठी जुळवलेले बाइंडिंग मुलाच्या पडण्याने सुटणारच नाही, आणि मग पिळ बसतो तो पायाच्या हाडाला. साहित्य देणाऱ्याने वजन विचारले नाही, तर आपण सांगावे आणि जुळवणी डोळ्यांदेखत करून घ्यावी. हेल्मेट ही चैन नव्हे. इटलीने २००५ पासून १४ वर्षांखालील मुलांना ते सक्तीचे केले आणि २०२२ पासून ही मर्यादा १८ वर्षांपर्यंत नेली. योग्य मापाचे हेल्मेट मिळत नसेल, तर त्या दिवशी स्कीइंग नको.

कपडे: जाड नव्हे, थरांचे

एकावर एक चार स्वेटर चढवलेले मूल हात खाली सोडू शकत नाही, मग ते तोल कसा सांभाळणार? तीन थर पुरेसे असतात. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ कपडा, त्यावर उबेसाठी फ्लीस किंवा लोकर, आणि सर्वांत वर पाणी व वारा अडवणारे जाकीट आणि विजार. सुती बनियन आणि जीन्स या दोन गोष्टी बर्फात निरुपयोगी आहेत. सुती कापड भिजले की वाळत नाही आणि शरीरातील ऊब ओढून घेते. पायांत एकच लांब लोकरी मोजा घालावा. दोन मोजे घातल्यास बूट आवळतो, रक्तप्रवाह मंदावतो आणि पाय उलट अधिक गार पडतात.

बोटे वेगवेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटे एकत्र राहणारे 'मिटन' मुलांना अधिक उबदार पडतात. त्यांच्या दोन जोड्या असाव्यात, कारण पहिली जोडी अर्ध्या तासात भिजणार हे नक्की. आपली लाडकी माकडटोपी जाड असल्याने हेल्मेटखाली मावत नाही. तेथे पातळ, कान झाकणारी टोपी हवी. लांब मफलर आणि लोंबत्या नाड्या लिफ्टमध्ये अडकू शकतात. त्याऐवजी गळ्याभोवती घालायची बंद पट्टी वापरावी.

ऊन ही बर्फातील दुर्लक्षित बाब आहे. उंची हजार मीटरने वाढली की अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत किरण परावर्तित करतो. ढगाळ दिवशीही मुलांच्या डोळ्यांवर अतिनील किरण रोखणारे गॉगल आणि नाक, गाल, हनुवटीखाली सनस्क्रीन आवश्यक आहे.

खिशात राजगिऱ्याची वडी, चिक्की किंवा शेंगदाण्याचा लाडू ठेवावा. थंडीत मुलांना तहान जाणवत नाही, म्हणून कोमट पाणी आणि सूप आठवणीने द्यावे. बूट-कपडे उतरवायला दहा मिनिटे लागतात, तेव्हा निघण्यापूर्वी स्वच्छतागृहाची फेरी विसरू नये.

थंडी बाहेरची आणि धोका खोलीतला

लहान मुलाच्या शरीराचे आकारमान कमी आणि त्या मानाने त्वचेचे क्षेत्र जास्त असल्याने ते मोठ्यांपेक्षा लवकर गार पडते. स्कीइंग करणारे मूल हालचालीने ऊब निर्माण करते. घसरगाडीवर बसवून फिरवले जाणारे धाकटे मात्र स्थिर बसलेले असते, त्यामुळे थंडी आधी त्याला गाठते. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याचे हात, पाय आणि गाल तपासावेत. नाक, कान किंवा बोटांवर पांढरट, बधिर डाग दिसला तर आत नेऊन तो भाग अंगाच्या उबेने गरम करावा. बर्फाने चोळणे किंवा शेकोटीपाशी धरणे या दोन्ही गोष्टी अपायकारक आहेत. मूल थरथरून नंतर सुस्त, गुंगीत जाऊ लागले, तर ती वैद्यकीय आणीबाणी समजावी. गंभीर उपचारांसाठी बारामुल्ला किंवा श्रीनगर गाठावे लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

उतारावरील धोक्यांची चर्चा होते, खोलीतील धोक्याची फारशी होत नाही. काश्मीरमध्ये खोल्या गरम करण्यासाठी लाकूड-कोळशाची 'बुखारी', गॅसचे हीटर आणि निखाऱ्यांची 'कांगडी' वापरतात. बंद खोलीत जळणाऱ्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू साचू शकतो. त्यामुळे झोपेतच मृत्यू ओढवल्याच्या घटना काश्मीरमध्ये हिवाळ्यात घडतात. म्हणून आरक्षण करतानाच विचारावे: खोलीत मध्यवर्ती उष्णता यंत्रणा आहे काय? ती रात्रभर चालते काय? वीज गेल्यास पर्यायी सोय आहे काय? रात्री झोपताना इंधनावरील कोणतेही हीटर पेटते ठेवू नये. कांगडी पाहुणचार म्हणून समोर आली, तरी ती मुलांच्या हाती देऊ नये.

हिमस्खलनाची सीमारेषा

गुलमर्गचा नवशिक्यांचा उतार आणि अफरवतचा डोंगर यांत मोठा फरक आहे. अफरवतच्या परिसरात फेब्रुवारी २०१० मध्ये हिमस्खलनाने प्रशिक्षण घेत असलेल्या १७ जवानांचा बळी घेतला. १ फेब्रुवारी २०२३ रोजी पोलंडचे दोन आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी रशियाचा एक स्कीपटू अशाच दुर्घटनांत दगावला. हे सर्व डोंगराच्या वरच्या, मोकळ्या उतारांवर घडले. बाजारालगतच्या मैदानावर धडे घेणाऱ्या कुटुंबाने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण आखलेली सीमा ओलांडून 'जरा पलीकडे ताज्या बर्फात' जाण्याचा मोह पालकांनी स्वतःही टाळावा. जोरदार हिमवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस विशेष जोखमीचे असतात. जम्मू-काश्मीरच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेकडून प्रसिद्ध होणारे हिमस्खलनाचे इशारे रोज सकाळी पाहावेत.

गंडोला वाऱ्यामुळे बंद ठेवली जाते, तेव्हा पर्यटक नाराज होतात. जून २०१७ मध्ये जोराच्या वाऱ्यात उन्मळलेले झाड केबलवर कोसळून सात जणांचा मृत्यू झाला होता, हे आठवले तर ती नाराजी टिकणार नाही. गंडोलाचे तिकीट आगाऊ ऑनलाइन घ्यावे लागते, म्हणून त्या दिवसाची हवा पाहून मुलांची समजूत काढण्याची तयारीही ठेवावी.

विमा, सुरक्षितता आणि संपर्क

प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात किंवा त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो. 'स्कीइंग' हा शब्द पॉलिसीत आहे की नाही, हे वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. मुलांची नावे, वय आणि आजारांची माहिती त्यात नीट नोंदवावी.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरन येथे झालेल्या दहशतवादी हल्ल्यात २६ जणांचा बळी गेला. त्यांत महाराष्ट्रातील सहा पर्यटक होते. त्यानंतर काश्मीरमधील अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद ठेवण्यात आली होती. मुलांना घेऊन जायचे की नाही, हा निर्णय प्रत्येक कुटुंबाने स्वतः घ्यायचा आहे. जायचे ठरल्यास आरक्षणापूर्वी आणि पुन्हा निघण्याच्या आठवड्यात सरकारी सूचना पाहाव्यात आणि खुल्या असलेल्या ठिकाणांपुरतेच फिरावे. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड मोबाइल जोडण्या जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. कुटुंबात किमान दोघांकडे पोस्टपेड जोडणी असावी. हॉटेलचे नाव व दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी मुलाच्या जाकिटाच्या खिशात ठेवावी. गॉगल आणि हेल्मेटमध्ये सगळी मुले सारखीच दिसतात!

आल्प्सचा पर्याय

ज्यांना परवडते किंवा ज्यांचे नातलग युरोपात आहेत, त्यांच्यासाठी आल्प्सचा पर्याय आहे. तेथील अनेक गावे गुलमर्गपेक्षा बरीच कमी उंचीवर आहेत. मुलांना उभ्या उभ्या वर नेणारे सरकते पट्टे, कुंपण घातलेली खेळमैदाने आणि वयानुसार वर्ग ही तेथील मोठी सोय. उतारांना काठिण्यानुसार रंग दिलेले असतात. फ्रान्समध्ये हिरवा सर्वांत सोपा, तर ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड व इटलीत निळ्यापासून सुरुवात होते. मात्र फेब्रुवारीत तेथील शाळांना सुट्टी असते, त्या आठवड्यांत गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात. शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षण लागते. त्यात स्कीइंग आपोआप धरलेले नसते, हे येथेही लागू आहे.

ठिकाण कोणतेही असो, हिशेब शेवटी सारखाच. किती किलोमीटर घसरलो किंवा किती उंचीवर छायाचित्र काढले, यावर लहान मुलांच्या सहलीचे यश मोजता येत नाही. दोन दिवसांत मूल स्वतःच्या बळावर थांबायला शिकले, रात्री उबेत गाढ झोपले आणि घरी परतताना 'पुन्हा कधी जायचे?' असे विचारू लागले, तर सहलीचा पैसा वसूल झाला. उंच उतार कोठे जात नाहीत. मूल दोन वर्षांनी मोठे होईल, तेव्हाही ते तेथेच असतील.